टिटवाळ्याची खानावळ आणि मोहाचा घोट

टिटवाळा म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो महागणपती, अंगारकीची रांग, दूर्वांच्या जुड्या आणि परतीच्या लोकलमधली रेटारेटी. शकुंतलेनं कण्व मुनींच्या सांगण्यावरून याच गणपतीची आराधना केली आणि तिला तिचा दुष्यंत परत मिळाला, ही कथा तर आपण आजीच्या तोंडून ऐकलेली असते. म्हणून लग्न जमत नसलेल्या मुलींच्या आया इथे नवस बोलायला येतात. सगळं खरं. पण देवाला हात जोडून, पेढ्यांचा पुडा पिशवीत टाकून तशाच माघारी वळणाऱ्या मैत्रिणींना मला एवढंच सांगायचं आहे, की बायांनो, जेवून जा!

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूला जाणारी गाडी धरली की शहाड, आंबिवली आणि तिसरं स्टेशन टिटवाळा. स्टेशनाबाहेर देवळाकडे जाणाऱ्या रिक्षा उभ्याच असतात. ऊन नसेल आणि बरोबर लहान मूल नसेल तर चालत जायलाही हरकत नाही. मांडा-टिटवाळा आता कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे आणि दर वर्षी एकेका शेताच्या जागी एकेक इमारत उभी राहते आहे. तरीपण गावाच्या कडेनं काळू नदी वाहते, नदीपलीकडे हिरवं दिसतं, आणि सकाळच्या गाडीनं आसनगाव-खर्डीकडच्या बायका डोक्यावर पाटी घेऊन उतरतात. या पाट्यांकडे लक्ष ठेवा. माझी गोष्ट त्यांच्यापाशीच यायची आहे.

आमची ठरलेली खानावळ देवळापासून थोडी आत, एका गल्लीत आहे. नाव विचाराल तर पाटीवर ‘घरगुती जेवण मिळेल’ एवढंच लिहिलं आहे. सहा टेबलं, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. काका गल्ल्यावर बसतात, काकू आत रांधतात. गेली बारा-तेरा वर्षं आम्ही तिथे जातो आहोत. पहिल्यांदा गेलो ते संकष्टीला. दिवसभर साबुदाण्यावर होतो, धाकटी कुरकुरायला लागलेली, आणि चंद्रोदय नऊनंतरचा! काकूंनी चंद्र दिसल्याशिवाय कुणाला पान वाढलं नाही. पण मुलांना मात्र न विचारता आधी गरम वरणभात दिला. “लेकरांना कसली चतुर्थी!” म्हणाल्या. तेव्हाच माझं मन तिथे बसलं.

मग आमची पानं मांडली. साधं वरण, भात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आणि मोदक. काकूंचे मोदक काही चित्रातल्यासारखे एकवीस पाकळ्यांचे नसतात. पण पारी इतकी पातळ, की आतलं गुळाचं सारण बाहेरून दिसावं. मी आत जाऊन विचारूनच आले. पिठी घालायच्या आधी पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी. उकड झाकून चांगली वाफ आणायची आणि ती गरम असतानाच तेला-पाण्याच्या हातानं मळायची. उकड निवू दिली की पारी चिरते, मग कितीही मळा. (अंगारकीला मात्र तिथे जेवायला जाऊ नका. गर्दीत मोदक सकाळी वळून ठेवावे लागतात, आणि गार मोदकाला काय अर्थ आहे?)

दुसरं लक्षात राहिलेलं जेवण जून महिन्यातलं. पहिला पाऊस पडून चार दिवस झाले होते. त्या दिवशी काकूंनी शेवळांची भाजी केली होती. शेवळं म्हणजे पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारे जांभळट-तपकिरी कोंब. जेमतेम दोन-तीन आठवडे बाजारात दिसतात. नीट केली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. म्हणून हाताला तेल लावायचं, वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं अगदी बारीक चिरायचं. आणि त्याबरोबर काकडं हवीतच. काकडं म्हणजे काकडी नव्हे बरं का! ही हिरवी, आंबट, आवळ्यापेक्षा लहान फळं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. शेवळं विकणारी बाई काकडं बरोबरच देते. नाही दिली तर मागून घ्या. सीकेपी घरांत शेवळात कोळंबी किंवा खिमा घालतात. काकू देवळाच्या वाटेवर बसलेल्या, त्या घालतात सोललेले वाल. मला वालच जास्त आवडले.

ती शेवळं काकूंना पुरवते एक मावशी. कातकरी समाजातली. वय साठीच्या घरात असावं. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसात शेवळं, टाकळा, भारंगी, कंटोळी. जंगलात जे पिकेल ते तिच्या पाटीत. विकून उरलेलं ती काकूंच्या ओट्यावर ठेवते आणि तिथेच जेवते. पैशांचा हिशेब त्या दोघींनाच कळतो.

आता तिसऱ्या जेवणाकडे येते.

गेल्या चैत्रात माझा भाचा अमेरिकेहून आला होता. तो केंटकी राज्यात नोकरीला आहे. रविवारी त्याला घेऊन सगळे टिटवाळ्याला गेलो, सासूबाईसुद्धा. गाडीत त्यानं विषय काढला तो बोर्बनचा. “बिस्किट ना रे?” सासूबाई म्हणाल्या. भाचा हसत सुटला. बोर्बन म्हणजे तिकडची व्हिस्की. तिकडच्या कायद्याप्रमाणे तिच्या धान्यात निदान एक्कावन्न टक्के मका हवा, आणि ती आतून जाळून कोळसा केलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायला हवी. वरून रंग नाही, वास नाही. १९६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं ठरावच केला, की हे खास आमच्या देशाचं पेय. आणि केंटकीत म्हणे लोक जेवणाआधी ती नुसती ‘चाखायला’ जमतात. समोर चार-पाच लहान पेले. आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग एवढासा घोट जिभेवर फिरवायचा, आणि थांबायचं. मागाहून कसली चव येते ते एकमेकांना सांगायचं.

“एवढंच ना? मग आपण पण चाखू,” काकू म्हणाल्या. साधा रविवार, गर्दी नव्हती, त्यांनाही गंमत वाटली असावी. त्यांनी स्टीलच्या वाट्या मांडल्या. कैरीचं पन्हं, कोकम सरबत, सोलकढी, मठ्ठा. आम्ही रीतसर रंग बघितला, वास घेतला. ह्यांनी डोळे मिटून मठ्ठ्यात हिंग ओळखला. धाकटीनं पन्ह्यात वेलची आणि “थोडंसं केशर” ओळखलं, जे त्यात नव्हतंच. सोलकढीपाशी भाचा थांबला. आधी नारळाचा गोडवा, मग आमसुलाचा आंबटपणा, आणि सगळ्यात शेवटी लसूण-मिरची घशाशी येते, हे त्यानं बरोब्बर सांगितलं. लहानपणापासून आपण पितो, पण चवीचा हा क्रम असतो हे मी तरी कधी थांबून पाहिलं नव्हतं.

ओट्यावर बसून हे सगळं बघणारी मावशी मग उठली. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली. आत मनुकांसारखी तांबूस, सुरकुतलेली फुलं. मोहाची! काकूंनी त्यातली मूठभर दोनदा धुऊन पाण्यात उकळली, गाळली, आणि पाचवी वाटी आमच्यापुढे ठेवली.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “अगो बाई, देवाच्या दारात दारू!”

दारू नव्हतीच ती. नुसतं फुलांचं उकळलेलं पाणी, मधाच्या रंगाचं. वास मात्र जबरदस्त. गुळाचा, थोडा पिकल्या फळाचा, थोडा ओल्या मातीचाही. चव गोड, आणि मागाहून किंचित तुरट. फुलं आंबवून गाळली तर दारू होते हे खरं; पण द्राक्षांचीही होतेच की, म्हणून आपण मनुका खायच्या सोडतो का?

मावशी सांगत होती. मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात. फुलं रात्री गळतात, म्हणून बायका झुंजुमुंजूला उठून जातात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवायचा, म्हणजे फूल मातीत माखत नाही. वेचून चार दिवस उन्हात वाळवायची. भाजून खायची, नाचणीच्या पिठात घालायची, लेकरांच्या हातावर ठेवायची. बियांचं तेल निघतं ते वेगळंच. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की या फुलांवर दिवस काढायचे. “माझी आजी फुलं कणगीत तळाला ठेवायची आन् वर भात,” ती म्हणाली. “शिपाई आला तर दिसाया नको.”

शिपाई कशाला येईल फुलांसाठी? भाच्यानं विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. मी शाळेत काही तास इतिहास शिकवते आणि ठाणे जिल्ह्याबद्दल मिळेल ते वाचत असते. १८७८ साली इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. गावोगावच्या लहान भट्ट्या मोडायच्या, दारू मोठ्या कारखान्यांतून यायची, आणि सरकारला त्यावर कर मिळायचा. उरणचे कारखाने तेव्हा प्रसिद्ध होते. आणि गंमत बघा, त्या कारखान्यांतली दारूही मोहाच्या फुलांचीच! पण घरात फुलं असली की लोक चोरून दारू गाळणार, कर बुडणार. म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांवर कायदा आला, आणि तो लागू केला आपल्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. आपल्याच रानातलं, आपोआप गळून पडलेलं फूल वेचून घरात ठेवायचं, तर त्यालाही सरकारी निर्बंध. पुढे स्वातंत्र्य आलं, तरी १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवरचे निर्बंध राहिलेच.

मिठाचा कायदा आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतो. दांडी, चिमूटभर मीठ, सगळं. मोहाच्या फुलाचा कायदा मी कोणत्याच पाठ्यपुस्तकात वाचला नाही. तिकडे केंटकीच्या मक्याच्या दारूला काँग्रेसचा ठराव, आणि इकडे भुकेच्या दिवसांत पोट भरणारं फूल कणगीच्या तळाला. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं वाटी पुन्हा पुढे केली.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी मावशीला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “काय गं, हे उपासाला चालतं का?” मावशी म्हणाली, “आई, आमचा उपास मोडाया तर हे खातो आमी.” सासूबाईंनी वाटी उचलली. रंग बघितला, वास घेतला, अगदी भाच्यानं शिकवल्याबरहुकूम. “गूळ कमी लागेल,” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशीच्या जेवणात काकूंनी मोहाची पानगी केली. तुम्हालाही जमेल. वाटीभर वाळलेली फुलं आतला केसर काढून धुवायची, दोन तास भिजवायची, मग बारीक वाटायची. त्यात वाटीभर नाचणीचं आणि अर्धी वाटी तांदळाचं पीठ, किंचित मीठ, दोन चमचे ओला नारळ. गूळ लागतच नाही. केळीच्या पानाच्या तुकड्याला तेलाचा हात लावून त्यावर मिश्रण थापायचं, वर दुसरं पान, आणि तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजायचं. पान करपायला लागलं की पानगी झाली. वर लोणी. फुलं ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. पावसाळी हवा लागली की ती चिकट होतात आणि आंबूस वास येतो.

भाच्याला पुरचुंडी बरोबर न्यायची होती. पण तिकडच्या विमानतळावर असल्या वस्तू अडवतात म्हणून ती आमच्याकडेच राहिली. सासूबाईंनी ती आपल्या कपाटात, मनुकांच्या डब्याशेजारी ठेवली आहे.

मावशी ज्या झाडाखाली वेचायची, ते स्टेशनापासून लांब नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही गेलो तर त्या जागेला चारी बाजूंनी हिरवे पत्रे लावले होते आणि आत पाया खणत होते. झाड उभं होतं. पत्र्यांवरून त्याचा शेंडा दिसत होता. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, “कुणी म्हणतं ठेवणार, कुणी म्हणतं काढणार.” मावशीनं मात्र वाट बघितलेली नाही. मुरबाडकडे तिचा भाऊ असतो, त्याच्या बांधावर दोन मोह आहेत. चैत्रात फुलं तिथून येतील, दर थोडा जास्त पडेल, असा तिनं काकूंना निरोप ठेवला आहे. आमच्यासाठी शेरभर बाजूला ठेवायला सांगून आम्ही परतीची गाडी धरली.