१९१६ सालचे दोन निबंध

इतिहास हा माझा विषय. परंतु निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेत विषयांच्या सीमा फारशा उरत नाहीत. मुलांनी विज्ञानाचे पुस्तक पुढे केले की तेही उलगडावे लागते. रासायनिक बंधांचा पाठ मला असाच भेटला आणि त्याच्या तळाशी एक साल सापडले : १९१६.

त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी अणू परस्परांशी कसे जोडले जातात, याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच महिन्यात, ९ मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय अवघे २५. योगायोगच, पण इतिहासाच्या माणसाला असे योगायोग सोडवत नाहीत.

दोन हायड्रोजन अणू एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांचीही होते, हा लुईस यांचा सहसंयुज बंध. तो जुळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून तो टिकतो. मिठाची गोष्ट निराळी. सोडिअमचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे जातो. याला 'दान' म्हणण्याची रीत आहे. मला ती खटकते. सोडिअम काही उदार नाही. तो इलेक्ट्रॉन सोडवायला ऊर्जा खर्चावी लागते. ती भरून निघते, विरुद्ध प्रभारांचे आयन एकत्र येऊन स्फटिक रचतात तेव्हा. त्या स्फटिकात प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम. अमक्याचा जोडीदार अमका, असे तेथे दाखवताच येत नाही.

अणू म्हणजे माणसे नव्हेत, हे मी मुलांना बजावतो. बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीतल्या जातीत विवाहाच्या निर्बंधात, स्वतःला कोंडून घेणाऱ्या वर्गात दाखवले. ते कुंपण माणसांनी घातले, निसर्गाने नव्हे. तरीही 'राजवायू' या शब्दाशी माझी जीभ अडखळते. हेलिअम, निऑन, झेनॉन कुणात मिसळत नाहीत, म्हणून ते राजे! १९६२ मध्ये कॅनडात नील बार्टलेट यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडशी झेनॉनचा संयोग घडवला आणि तो समज मोडला.

हे सांगितले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांना अजून राजे का म्हणायचे?" मी तो शब्द पुसून फळ्यावर 'निष्क्रिय वायू' असे लिहिले. तिने तेही खोडायला लावले.