मग काय मोडायचं?

जिप्सी चालवायला शिकताना पहिली सूचना मिळते ती क्लचबद्दल नाही, अंगठ्यांबद्दल. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, रिमच्या वर ठेवायचे. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पुढचं चाक दगडावर आपटलं की झटका थेट हातापर्यंत येतो, स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आडवा आलेला अंगठा मोडू शकतो.

ही जिप्सी माझ्या मावसभावाची, दादाची. मारुतीने १९८५ साली आणलेली ही गाडी आता बनत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते तिला घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं जपतात आणि पावसाळा आला की मावळातल्या चिखलात नेऊन घालतात. माझी जागा शेजारच्या सीटवर. रस्ता फारच वाईट असला की खाली उतरून दगड कुठे आहे ते हाताने दाखवायचं. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची, त्यामुळे लोखंडाशी माझा उरलेला संबंध एवढाच.

एका पावसाळ्यात या गाडीचा टाय रॉड तीनदा वाकला.

टाय रॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा आडवा दांडा. तुम्ही स्टिअरिंग फिरवता, बॉक्सखालचा ड्रॉप आर्म हलतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, आणि टाय रॉडमुळे दोन्ही चाकं एकदम वळतात. हा दांडा खाली, दगडांच्या उंचीला असतो. चाक दोन धोंड्यांमध्ये अडकलेलं असताना ड्रायव्हरने जोर लावला की दोन्ही टोकांकडून दाबला जाऊन तो मध्येच फुगतो. प्लास्टिकची पट्टी दोन बोटांत धरून दाबली की होते तसं. मग एक चाक खंडाळ्याकडे बघतं आणि दुसरं पवनेकडे.

वाकलेला रॉड काढून, दगडावर ठेवून, हातोड्याने बराचसा सरळ करता येतो. तसं करून ताशी वीसच्या वेगाने आम्ही तीनदा घरी आलो. तिसऱ्या वेळी दादाने जाहीर केलं की आता भरीव दांडा टाकायचा, तोही ईएन २४ चा. ईएन २४ म्हणजे निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं तगडं पोलाद. भोसरीत सहज मिळतं आणि नाव घेतलं की लेथवालासुद्धा जरा आदराने बघतो.

मी घरी जाऊन दुसऱ्या वर्षाची ‘स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ची वही काढली. अठराव्या शतकातल्या ऑयलर नावाच्या गणितज्ञाने लांब, सडपातळ दांडा दाबाखाली कधी फुगेल याचं सूत्र मांडलं. त्यात पोलाद किती मजबूत आहे हे येतच नाही. येतो तो त्याचा ताठपणा, आणि तो साध्या आणि महाग पोलादाचा जवळजवळ सारखाच असतो. म्हणजे त्याच जाडीचा ईएन २४ चा दांडा दाबाखाली फुगायच्या बाबतीत साध्या दांड्यापेक्षा फारसा वेगळा नाही. दगड आडवा बसला तर तो कायमचा वाकायला जास्त जोर लागेल, एवढा फायदा नक्की. पण आमचं दुखणं फुगण्याचं होतं, आणि त्यावर औषध म्हणजे व्यास. २५ मिमीचा भरीव दांडा घ्या, आणि शेजारी ३२ मिमी बाहेरचा व्यास आणि ५ मिमी जाडीची नळी ठेवा. नळीचं वजन सुमारे १४ टक्क्यांनी कमी भरतं आणि वाकण्याला विरोध दुपटीहून किंचित जास्त. परीक्षेत हे गणित आठ मार्कांना यायचं. त्यातून एखाद्याची गाडी घाटात सरळ राहते हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

हिशोब घेऊन आम्ही मिस्त्रीकाकांकडे गेलो. काकांनी कागद बघितला, नळीला मान डोलावली आणि दादाला विचारलं, “करून देतो की. पण रॉड वाकला नाही, तर मग काय मोडायचं?”

दादा म्हणाला, “काहीच नाही मोडायचं, काका. म्हणून तर आलोय.”

“असं नसतं. दगड तेवढाच राहणार. तुम्ही जोर तेवढाच लावणार. तो कुठंतरी जाणारच.”

आणि त्यांनी गाडीखाली झोपून बोटाने वाट दाखवली. चाकातून नकल, नकलमधून टाय रॉड एंड, रॉड, ड्रॅग लिंक, ड्रॉप आर्म, स्टिअरिंग बॉक्स, बॉक्सचे बोल्ट, आणि शेवटी चेसिस. आजवर या साखळीत सगळ्यात आधी हार मानायचा तो रॉड, आणि तो स्वस्त होता, दिसत होता, वाकत होता. बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा चेसिसचा पत्रा चिरला तर तो दिसत नाही. तो चिखलातही तुटत नाही बहुधा. तिथून आपण सुखरूप निघतो, चहा पितो, आणि हायवेला ऐंशीच्या वेगात असताना स्टिअरिंग फिरतं पण चाकं फिरत नाहीत. मागच्या सीटवर दादाची सहा वर्षांची मुलगी असते, कारण रविवारी तिला घरी ठेवता येत नाही.

दादा नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

आमच्या कामात सर्व्हरवर लोड फार वाढला तर एखादी सेवा मुद्दाम बंद पडू देतात, म्हणजे मागचा डेटाबेस वाचतो. मी हे काकांना सांगायचा प्रयत्न केला. “तुमच्यात माणूस नसतो ना त्यात,” एवढंच म्हणाले.

मग काम उलट्या टोकाकडून सुरू झालं. बॉक्स उतरवला. चेसिसच्या त्या भागावरचा चिखल आणि रंग खरवडून काकांनी रॉकेल लावलं, थोड्या वेळाने पुसून कोरडं केलं आणि वरून खडू घासला. भेगेत रॉकेल शिरलं असेल तर ते पांढऱ्या खडूवर ओली रेघ होऊन उमटतं. एका बोल्टाच्या भोकापासून नखाएवढी रेघ उमटली. तिच्या टोकाशी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग वेल्डिंग, आणि वरून पट्टी. पट्टीची टोकं त्यांनी तिरकी कापली, कारण चेसिसला काटकोनात आडवं वेल्डिंग मारलं तर पुढची चीर त्याच रेषेत जाते. पोकळ चेसिसमध्ये बोल्टांसाठी नळकांडी बसवली, म्हणजे बोल्ट आवळताना पत्रा चेपत नाही.

रॉडला मात्र वेल्डिंग नाही म्हणजे नाही. ड्रॉप आर्मलाही नाही. हे घडीव भाग. वेल्डिंगच्या धगीने शेजारचं लोखंड कडक आणि ठिसूळ होऊ शकतं. मग ते वाकत नाही, तुटतं. म्हणून नळी आम्ही माझ्या कागदावरच्यापेक्षा जाड भिंतीची घेतली, जिच्या भोकात थेट आटे पाडता येतील. एका टोकाला उजवे, दुसऱ्याला डावे, म्हणजे नळी नुसती फिरवली की चाकांचा टो कमीजास्त होतो. डाव्या आट्यांचा टॅप तीन लेथवाल्यांकडे नव्हता. दादाला जाड भरीव दांडा हवा होता तो काकांनी दिला नाहीच. नळी पुरेशी ताठ, पण फारच मोठा मार बसला तर आधी तीच वाकेल, एवढ्याच मापाची.

यातला सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी राहिला. पुष्कळ लोक गाडी उंच करतात, मोठे टायर घालतात आणि मग टाय रॉड वाकतो म्हणून रॉड मजबूत करतात. टायर मोठा झाला की दगडाला तरफ लांब मिळते; गाडी उंच झाली की ड्रॅग लिंक तिरकी होते आणि खड्ड्यात गाडी आपोआप वळू बघते. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत. मला तो निकाल वाचताना वैताग आला होता, पण गॅरेजच्या अंगणात ब्रेक आणि स्टिअरिंगची चाचणी कोणी घेत नाही हेही खरं. दादाने मोठ्या टायरांची ऑर्डर रद्द केली. त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. नळीवर एक पोचा आहे, टाय रॉड एंड एकदा बदलले. निघायच्या आधी दादा खाली वाकून स्प्लिट पिना बघतो, मी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवतो आणि तो सांध्यांवर बोट ठेवून खेळ लागतो का ते पाहतो. जुना रॉड, तीनदा सरळ केलेला, आम्ही दोन्ही एंड लावून, माप धरून मागच्या सीटखाली बांधून ठेवला होता. फक्त घरी यायला.

गेल्या श्रावणात मावळात एक अनोळखी जिप्सी चाकं फाकवून उभी होती. आम्ही तो काढून दिला. ते लोक हळूहळू पुण्याला पोचले, तसा रात्री मेसेज आला. रॉड अजून परत आलेला नाही.