माशाचं नाव सांगणारं विद्यापीठ

मित्रांनो, छत्रपती संभाजीनगरला (म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला) सहलीला आलात, की बीबी का मकबरा पाहता, पाणचक्कीवर जरा टेकता आणि वेरूळची वाट धरता. होय ना? या खेपेला थोडी वाट वाकडी करा. मकबऱ्यापलीकडे डोंगराची रांग दिसते. तिच्यात औरंगाबादची लेणी आहेत आणि पायथ्याशी १९५८ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

इथे एक गमतीचं केंद्र आहे, डीएनए बारकोडिंगचं! बिस्किटाच्या पुड्यावरच्या काळ्या रेघा पाहिल्यात ना? दुकानातलं यंत्र त्या वाचतं आणि वस्तूचं नाव सांगतं. प्राण्याच्या पेशीतही अशीच एक खूण असते. तिथल्या डीएनएचा साधारण ६५० 'अक्षरांचा' तुकडा वाचला, की बहुतेक वेळा जात ओळखता येते. ही पद्धत २००३ साली कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी सुचवली. त्यांचंच नाव या केंद्राला दिलं आहे.

समजा, माशाचं डोकं नाही, शेपूट नाही, नुसता एक तुकडा आहे. तरी त्याचं नाव सांगता येतं! इथल्या संशोधकांनी नर्मदेतल्या माशांचे असे बारकोड तयार केले आणि २०१४ साली ते प्रसिद्ध केले. कशाला हा खटाटोप? अहो, नदीत कोणकोणते मासे आहेत हेच ठाऊक नसेल, तर त्यातला कोणता नाहीसा झाला, हे कळणार कसं?

पण हा डीएनए सापडला कुठे? त्यासाठी जर्मनीत जाऊ. आपल्या देवगिरीसारखा तिथेही टेकडीवर एक किल्ला आहे, ट्यूबिंगेनचा. १८६९ साली त्याच्या जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा होती. फ्रीडरिक मीशर हा चोविशीतला तरुण तिथे काम करत होता. शिकला होता डॉक्टरकी. पण कानांनी कमी ऐकू येई. रोग्याची छाती तपासायची कशी? म्हणून तो संशोधनाकडे वळला.

जवळच्या रुग्णालयातून तो काय मागवी, ठाऊक आहे? पुवाने भरलेली बँडेजं! इतरांच्या लेखी ती घाण. पण पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्या तो धुऊन वेगळ्या करी. त्यांच्या केंद्रकातून एक निराळाच पदार्थ निघाला. त्यात फॉस्फरस होता आणि प्रथिनं पचवणारं पेप्सिनही त्याला पचवू शकेना. मीशरने त्याचं नाव ठेवलं 'न्यूक्लीन'.

त्याच्या गुरुजींना, होप-सायलर यांना, मात्र खात्री पटेना. त्यांनी सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले, तेव्हा कुठे १८७१ साली शोध छापला गेला! मीशरने पुढे ऱ्हाईन नदीतल्या सामन माशांतही हा पदार्थ अभ्यासला. १८९५ साली तो क्षयाने वारला. हाच पदार्थ आईबाबांचे गुण मुलांकडे नेतो, याचा भक्कम पुरावा १९४४ साली मिळाला आणि त्याची गोफासारखी रचना १९५३ साली उलगडली. त्याला यातलं काहीच पाहायला मिळालं नाही.

तेव्हा मुलांनो, गुडघ्याच्या जखमेवरचं मळकं बँडेज जरूर फेकून द्या, हातही साबणाने धुवा. पण फेकताना एकदा मीशरची आठवण काढाल ना?