काजूएवढ्या हाडाची गोष्ट

सकाळी साडेसहाला सांगलीच्या विश्रामबागमधल्या एका गल्लीत सायकल उडत असते. ती कुठे जात नाही, जागच्या जागी उडते. दोन्ही ब्रेक करकचून धरलेले, सीट पार खाली घातलेली, गुडघे किंचित वाकलेले, पुढचं चाक हवेत आणि मागचं चाक फरशीवर टप, टप, टप. एक क्षण सगळं थांबतं. मग ब्रेक सुटतो, पॅडलवर अर्धा फेरा पडतो आणि सायकल समोरच्या गुडघाभर कट्ट्यावर जाऊन उभी राहते. दूधवाला गाडी थांबवून बघतो. शाळेच्या बसची वाट पाहणारी दोन पोरं दप्तरं खाली ठेवतात.

सायकल चालवणारा चाळिशी ओलांडलेला. दिवसा त्याचं सायकल दुरुस्तीचं काम, सकाळी हा उद्योग. पोरं त्याला दादा म्हणतात. वीस वर्षांत त्याने पायऱ्या, दगड, पडक्या भिंती आणि दंडोबाच्या डोंगरावरचे खडक सायकलवरून चढून-उतरून पाहिले आहेत. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. वेगाचा इथे काही संबंध नाही. आखून दिलेल्या अडथळ्यांवरून जायचं आणि पाय जमिनीला टेकू द्यायचा नाही. टेकला की दंड.

हा खेळ मोटारसायकलवाल्यांकडून आला. स्पेनच्या कातालोनियात पेरे पी हा माँतेसा कंपनीचा मोटारसायकलस्वार होता. मोटारसायकलवरचीच कसरत लहान मुलांना सायकलवर करता यावी, हा त्याचा ध्यास. त्याचा मुलगा ओट पी पुढे सायकल ट्रायल्सचा जगज्जेता झाला. १९८६ पासून या खेळाच्या जागतिक स्पर्धा होतात. त्यातल्या सायकलींना बहुधा सीटच नसते, कारण बसायला वेळच येत नाही. चाकं वीस किंवा सव्वीस इंची, गिअर एकच आणि तोही हलका. ब्रेक मात्र असा लागतो की चाक एक केसभरही सरकता कामा नये. रिम ग्राइंडरने मुद्दाम खरखरीत करून घेतात, म्हणजे ब्रेकचं रबर चावून धरतं.

दादाकडे अशी खास सायकल कधीच नव्हती. साधी सव्वीस इंची माउंटन बाइक, तिचे पुढचे दोन गिअर काढून टाकलेले आणि हँडल थोडं उंच केलेलं. २००९ मध्ये स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलचा एडिनबरातला व्हिडिओ जगभर पाहिला गेला. टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल चालवणारा हा पोरगा तिथल्या एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. दादाला त्यातल्या उड्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त भावली. जो हात चाकाचा आऊट काढतो, त्याच हाताला त्या चाकाचा भरवसा किती धरायचा हे कळतं.

तरीही तो पडला. पडण्याचं कारण एका ब्रेकच्या रबरात होतं.

पावसाळा नुकताच सरला होता. कृष्णेच्या घाटावरच्या पायऱ्या वरून कोरड्या दिसत होत्या, पण कडेला शेवाळाचा हिरवा पट्टा होता. मागच्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. आदल्या दिवशी बोट फिरवताना त्याला ते जाणवलं होतं आणि ‘उद्या बदलू’ म्हणून त्याने पान्हा खाली ठेवला होता. तिसऱ्या पायरीवर मागचं चाक धरायला हवं होतं तिथे ते वीतभर सरकलं. सायकल एकीकडे गेली, तो दुसरीकडे. पडताना माणूस हात पुढे करतोच, ते कुणाला शिकवावं लागत नाही. त्याचा उजवा तळवा उघडा, दगडावर सपाट पडला आणि अंगाचा सगळा भार त्यावर आला.

नडगी सोलली होती, कोपर खरचटलं होतं, तिथून रक्त येत होतं. साहजिकच सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मनगट जरा सुजलेलं, बोटं हलत होती, मूठ वळत होती. “बोटं हलतात म्हणजे हाड शाबूत,” असं घाटावरच्या एका काकांनी छातीठोकपणे सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. घरी आईने आंबेहळद आणि रक्तबोळ उगाळून लेप दिला. सांगली हे हळदीचं गाव. इथे मुक्या मारावर हळद लागली नाही असं घर सापडायचं नाही. लेपाने बरं वाटलं, सूज उतरली, आठ दिवसांत ठणका गेला. पंधराव्या दिवशी तो पुन्हा सायकलवर होता.

पाच-सहा आठवडे गेले. सपाट रस्त्यावर काही त्रास नव्हता, पण दुकानाचं शटर वर ढकलताना मनगटात कळ यायची. जमिनीवर हात टेकून उठता येईना. पान्ह्याने घट्ट बसलेला नट सोडवताना डावा हात पुढे होऊ लागला.

विश्रामबागहून मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून या भागात मोठं दुखणं आलं की माणूस मिरजेला न्यायचा हा रिवाज पडला. तोही गेला. डॉक्टरांनी हात टेबलावर ठेवून अंगठा वर ताणायला सांगितला. असं केलं की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन शिरांच्या मधे एक लहानशी खळी पडते. त्या खळीत त्यांनी नुसतं बोट दाबलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. मग एक्स-रेचा फोटो निघाला. पांढुरक्या हाडांच्या दाटीत एक हाड मधोमध काळ्या रेघेने दुभंगलेलं होतं.

त्या हाडाचं नाव स्कॅफॉइड. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ नावेसारखं. आकाराने साधारण काजूएवढं. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि उघड्या तळव्यावर पडलं की त्यांतलं बहुधा हेच मोडतं. तरण्या, खेळणाऱ्या मुलांत जास्त. याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत शिरतात आणि तिथून उलट्या दिशेने, कोपराकडच्या टोकापर्यंत जातात. हाड मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याचा पाणीपुरवठाच तुटतो. शेताच्या टोकाकडचा वाफा कोरडा पडावा तसं. म्हणून हे हाड सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही, कधी मागचा तुकडा मरतो आणि काही वर्षांत सगळं मनगट झिजायला लागतं. आणखी एक अडचण अशी की पडल्यानंतर लगेच काढलेल्या फोटोत ही चीर अनेकदा दिसतच नाही.

दादाच्या बाबतीत पहिल्या दिवशी फोटोच निघाला नव्हता. तेव्हाच कळलं असतं तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं. आता कमरेच्या हाडाचा चुरा आणून भेगेत भरावा लागला आणि एक बारीक स्क्रू घालावा लागला. सायकल चार महिने भिंतीला टेकून राहिली.

आईला याचं फार लागलं, आपल्या लेपामुळे उशीर झाला म्हणून. पण हळदीचा काही दोष नव्हता. न फुटलेल्या कातडीवर लेप लावल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते लेपाने ठणका थांबला की तपासणीही थांबते तिथे. चोळून घेणं मात्र वेगळं. तालमीच्या या मुलुखात अंग चोळून देणारे कसबी हात पुष्कळ आहेत आणि लचकलेल्या स्नायूला त्यांचा गुण येतो, हे त्याने स्वतः अनुभवलं आहे. पण ताज्या माराखाली हाड मोडलंय की नाही हे कळण्याआधी चोळणं, ओढणं, आवळून पट्टी बांधणं म्हणजे हातावर उदार होणं. आवळलेल्या पट्टीखाली बोटं गार पडली, निळसर दिसू लागली, मुंग्या आल्या किंवा ठणका वाढतच गेला, तर पट्टी तिथल्या तिथे सोडायची आणि दवाखाना गाठायचा. ही बाब तासांची असते.

बर्फाबाबतही समजुती बदलल्या आहेत. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि हात उंच ठेवणं ही चौकडी अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली आणि जगभरच्या मैदानांवर तोच नियम झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फाने दुखणं कमी होतं, पण भरून येणं लांबू शकतं. आज फिजिओथेरपिस्ट नुसतं पडून राहू देत नाहीत. मोडलेला भाग स्थिर ठेवायचा आणि बाकीचं सगळं हलतं ठेवायचं. प्लास्टरमधूनही बोटं, कोपर, खांदा.

प्लास्टर निघालं तेव्हा दादाला आपला हात ओळखू आला नाही. बारीक, पांढरट, केस वाढलेला. पकड डाव्या हाताच्या निम्मीही नव्हती. फिजिओने सांगितलेले व्यायाम घरातलेच होते. बादलीत तांदूळ घ्यायचे, त्यात हात खुपसून मूठ उघडायची, मिटायची, फिरवायची. ओला टॉवेल पिळायचा. कणीक मळायची. आई परात पुढे सरकवायची आणि म्हणायची, “घट्ट मळ, पोळ्या मी लाटते.” दोन महिने त्या घरातली कणीक त्यानेच मळली.

परत सायकलवर कधी बसायचं हे त्याने कॅलेंडरवर ठरवलं नाही. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी स्कॅन पाहून सांगितलं, त्यानंतर त्याने स्वतःला तीन गोष्टी विचारल्या. भिंतीवर दोन्ही तळवे टेकून पूर्ण भार देता येतो का? जमिनीवर दंड मारता येतात का? आणि आज जे केलं त्याने उद्या सकाळी मनगट दुखतं का? तिसरा प्रश्न सगळ्यात खरा. खेळताना अंग गरम असतं, ते खोटं बोलतं. सकाळचं मनगट खोटं बोलत नाही. सकाळी कळ असेल तर एक पायरी मागे. आधी नुसतं ब्रेक धरून जागेवर तोल, मग फुटपाथची कड, मग एक पायरी. गुडघाभर कट्ट्यावर यायला त्याला पडल्यापासून जवळजवळ वर्ष लागलं.

गल्लीतल्या पोरांना तो सांगलीच्याच माणसांच्या गोष्टी सांगतो. ३० जुलै २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर १३९ किलो उचलताना उजव्या कोपराला जबर दुखापत करून बसला. तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो पुन्हा आला, वजन उचललं गेलं नाही, एकूण २४८ किलोवर रौप्य मिळालं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. ही गोष्ट ऐकून पोरांच्या अंगावर काटा येतो. मग दादा पुढचं सांगतो. त्या मंचाच्या बाजूला डॉक्टर होते आणि स्पर्धेनंतर कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. गल्लीतल्या कट्ट्यावर दुखऱ्या हाताने पुन्हा उडी मारताना बाजूला कुणी डॉक्टर नसतो. दादाच्या आवडीची गोष्ट मुरलीकांत पेटकरांची. याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पोहायला सुरुवात केली आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारींनी पॅरिसला २०२४ मध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं, तेव्हा तर पोरांनी गल्लीत विटांचे तुकडे फेकून पाहिले. शाळकरी वयातल्या अपघातानंतर गँगरीन होऊन खिलारींचा डावा हात कायमचा अधू झाला होता, हे त्यांना नंतर कळलं.

सामानाबद्दल दादाचं मत पक्कं आहे. पोरं आधी रंगीत पॅडल आणि जाड टायर मागतात. तो आधी ब्रेक उघडतो. रबर, केबल, लिव्हर, यावर पहिला पैसा. रबर बोटाला गुळगुळीत लागलं की त्याच दिवशी बदलायचं. दुसरा पैसा हेल्मेटवर. आतला थर्माकोलसारखा फोम एकदाच दबण्यासाठी असतो, मार स्वतः खातो आणि संपतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही नवं दिसो, ते टाकून द्यायचं. त्याची कड भुवईच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे, मागे सरकवून कपाळ उघडं टाकलं तर उपयोग नाही. नडगीसाठी महागडं काही लागत नाही, फुटबॉलचे शिनगार्ड चालतात. काट्यांचं पॅडल नडगीवर एकदा उलटं फिरलं की शिनगार्ड कशाला ते कळतंच. बूट सपाट आणि कडक तळाचे, नाड्या आत खोचलेल्या. हातमोजे कातडी वाचवतात, हाड वाचवत नाहीत. मनगटाच्या आधारपट्टीवर विसंबून दुखऱ्या हाताने खेळणारे त्याला अजिबात खपत नाहीत.

डोकं आपटलं तर त्या दिवशीचा खेळ बंद, यावर चर्चा नाही. शुद्ध गेली नसली तरी. मळमळ, गरगर, डोळ्यांपुढे अंधार, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यातलं काही दिसलं तर पोराला एकटं घरी धाडायचं नाही, कुणीतरी बरोबर जायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

गेल्या महिन्यात नववीतला एक पोरगा कट्ट्यावरून तळव्यावर पडला. उठला, हात झटकला. “दादा, कायबी झालं न्हाई, नुसतं मुरगळलंय.” दादाने त्याला पायरीवर बसवलं, अंगठा वर ताणायला लावला आणि खळीत हलकेच बोट दाबलं. पोराचा चेहरा वेडावाकडा झाला. सायकल दुकानात ठेवून तो त्याला स्कूटरवर मिरजेला घेऊन गेला. फोटोत काहीच दिसलं नाही. डॉक्टरांनी तरीही अंगठ्यासकट प्लास्टर घातलं आणि बाराव्या दिवशी परत बोलावलं. पोराच्या वडिलांना हा उगीच खर्च वाटला. बाराव्या दिवशीच्या फोटोत केसासारखी रेघ होती. स्क्रू लागला नाही, शस्त्रक्रिया लागली नाही.

तेव्हा सायकलवरून असो, जिन्यावरून असो की मोरीत घसरून असो, तळव्यावर पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी त्या खळीत दाबून दुखत असेल, तर बोटं हलतात म्हणून घरी बसू नका. फोटो काढा, आणि त्यात काही दिसलं नाही तरी दुखणं असेल तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा काढा.