डाव्या कुशीवर

"मावशी, जरा डाव्या कुशीवर वळा." मावशी वळतात. बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत असतो आणि मी स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू त्यांच्या डाव्या स्तनाखाली ठेवतो. ठेवतो म्हणजे नुसती टेकवतो. जरा दाबली की खालची कातडी पडद्यासारखी ताणली जाते आणि जो खर्जातला आवाज ऐकायचा असतो, नेमका तोच नाहीसा होतो. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली, आणि एका बाईचा जीव जाता जाता राहिला.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल झडप असते. धडधाकट माणसात ती ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येतो, तो जातो, घरचे विसरतात. काही मुलांच्या झडपेला मात्र त्यात इजा झालेली असते. पुढच्या वर्षांत तिच्या कडा हळूहळू एकमेकींना चिकटत जातात. वाट १ चौरस सेंटिमीटरपर्यंत अरुंद झाली की रक्त मागे फुप्फुसांकडे तुंबतं. तेव्हा छातीत लप-डपच्या मागोमाग एक बारीक खटका ऐकू येतो आणि मग घरघर, पहाटे दोन घरं पलीकडे कुणी जात्यावर दळत असावं तशी. उताण्या झोपलेल्या पेशंटमध्ये ती बऱ्याचदा निसटते. डाव्या कुशीवर हृदयाचं टोक बरगड्यांजवळ येतं आणि जातं ऐकू येऊ लागतं.

मी शिकाऊ डॉक्टर असतानाची गोष्ट. सातवा महिना लागलेली एक बाई धाप लागते म्हणून आली. पोटुशी आहे, धाप लागणारच, असं मी मनात म्हटलं. तिला उताणंच ठेवून चार ठिकाणी स्टेथो टेकवला आणि केसपेपरवर लिहून टाकलं, 'हृदय नॉर्मल'. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधली उसंत कमी होते. अरुंद झडपेला हे झेपत नाही. तिसऱ्या रात्री तिला फुप्फुसात पाणी भरलेल्या अवस्थेत उचलून आणलं. ती वाचली, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

सकाळी राउंडला सर ओरडले नाहीत. त्यांनी तिला कुशीवर वळायला सांगितलं आणि माझा तळवा तिच्या छातीवर ठेवला. हाताखाली मांजर गुरगुरत होतं.

"त्या दिवशी ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं, सर."

"किती वेळ?"

मला उत्तर देता आलं नाही.

पुढे हेलन टाउसिग यांच्याविषयी वाचलं तेव्हा तो तळवा आठवला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या या बालहृदयतज्ज्ञ तरुणपणीच बहिऱ्या होत गेल्या आणि बाळांच्या छातीवर बोटं ठेवून मर्मर ओळखू लागल्या. जन्मतः निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी १९४४ मध्ये तिथे झालेली पहिली शस्त्रक्रिया त्यांच्याच कल्पनेतून आली. डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती त्यांच्या हाताखाली शिकल्या आणि दिल्लीला येऊन आयुष्यभर हृदयरोगावर काम करत राहिल्या. २०२० मध्ये, १०३ व्या वर्षी, कोविडने त्या गेल्या. त्यांना एकदा तरी भेटायचं होतं, राहूनच गेलं.

आता कोणी म्हणेल, टूडी इको असताना हे जातं-मांजर कशाला? इकोशी माझं भांडण नाही. झडप किती उघडते ते इको दशांशापर्यंत सांगतो. पण इकोला पाठवायचं कुणाला, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कोयत्यातली बाई दवाखान्यात येते ती खाडा पाडून. उचल फिटायची असते आणि मुकादम बाहेर गाडीवर थांबलेला असतो. तिच्यासाठी माझ्याकडे पाच मिनिटं असतात. त्यातलं एक तिला कुशीवर वळवण्यात गेलं, तर ते वाया गेलं असं मला वाटत नाही.

अशा कितीतरी झडपा आता फुग्याने उघडतात. मांडीतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि फुगा क्षणभर फुगवायचा. जपानच्या कान्जी इनोउए यांची ही करामत, १९८० च्या दशकातली. खरी पंचाईत पुढे असते. झडपेला पुन्हा इजा होऊ नये म्हणून पेनिसिलीनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि ते दुखतंही भरपूर. टोळी आज एका फडात, महिन्याने दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून मी सहा महिन्यांच्या तारखा एका जाड कागदावर मराठीत लिहून देतो. कोपीत तो कागद टिकतो की नाही, देव जाणे.

माझे कानही आता साठीचे झाले. वयानुसार आधी बारीक, उंच आवाज जातात. महाधमनीच्या गळक्या झडपेची फुंकर मला हल्ली हुकते आणि मी मुकाट्याने इको मागवतो. खर्ज अजून शाबूत आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलाचा एक गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर घोटा धरला, तर वाढीचं दुखणं म्हणून तेल चोळत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांनी उताणंच तपासलं, तर संकोच न करता म्हणा, जरा डाव्या कुशीवर वळवून बघता का?