पेरणाऱ्याची परीक्षा

परभणीजवळच्या पेडगावी एका शेतकरी स्नेह्यांकडे आम्ही मुक्कामास होतो. रात्री ओसरीवर आम्ही त्यांना प्रभू येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला मोठ्या हौसेने ऐकविला. चाड्यावर मूठ धरण्यात ज्यांचा जन्म गेला ते गृहस्थ हसून म्हणाले, "वाटेवर, खडकावर बी सांडतो, तो कसला कुणबी? तिफणीचा दाणा तासातच पडतो!"

आम्ही निरुत्तर झालो. त्या काळी पॅलेस्टाईनमध्ये बी हाताने फोकून पेरीत, हे सांगायचे आम्ही विसरलो होतो. प्रभूने श्रोत्यांच्या शिवारातले उदाहरण घेतले होते. आम्ही ते केवळ पाठांतर म्हणून पुढे केले.

त्या रात्री झोप लागेना. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाला प्रश्नोत्तरे कधीच पाठ होत नसत. "तू निव्वळ खडक आहेस," असे आम्ही त्याला सर्वांसमक्ष म्हणालो होतो. तो पुन्हा आला नाही.

आमच्याच मापाने मोजले, तर येशू गुरू म्हणून नापास ठरेल. दाखल्याचा अर्थ त्याच्या शिष्यांनाही विचारावा लागला. एकाने त्याला धरून दिले, पेत्राने तीनदा नाकारले. परंतु 'खडक' हे नाव प्रभूने त्याच पेत्राला दिले होते, ते पाया म्हणून. पेंटेकॉस्टच्या दिवशी तोच पेत्र जेरुसलेममध्ये निर्भयपणे बोलावयास उभा राहिला. गुरूने वाट पाहिली होती; आम्ही पाहिली नाही.

अजूनही वर्ग भरला की आमची नजर दाराकडे जाते. आणि तो दाखला सांगण्यापूर्वी आता आम्ही मुलांना विचारतो, "तुमच्याकडे पेरणी कशी करतात?"