त्यात काय मोठंसं?

दिवाळीला आलेल्या भाच्यानं मधोमध कापलेला गोल्फचा चेंडू माझ्या हातावर ठेवला. आत रबराचा गाभा, त्यावर आयोनोमर नावाच्या प्लॅस्टिकचं कठीण कवच आणि वर पॉलियुरेथेनची पातळ, मऊ साल. कवचामुळं चेंडू लांब जातो. सालीमुळं जवळच्या फटक्याला छान गिरकी घेतो.

"त्यात काय मोठंसं?" करंज्या तळता तळता आमचं कुटुंब म्हणालं.

"मामी, नेमकं ह्यावरच अमेरिकेत दोन कंपन्या कोर्टात भांडल्या!" भाचा म्हणाला.

ॲकुशनेटचा 'टायटलिस्ट प्रो व्ही १' हा चेंडू २००० साली बाजारात आला. त्यानं आपल्या चार पेटंटांचा भंग होतो, असा दावा कॅलवेनं २००६ साली डेलावेअरच्या कोर्टात लावला. ॲकुशनेटचं म्हणणं असं, की दुहेरी कवच एका जुन्या पेटंटात आहे, पॉलियुरेथेनची साल दुसऱ्यात आहे. दोहोंची सांगड त्या धंद्यातल्या कुणाही जाणत्याला सुचली असती. आणि सहज सुचणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही.

२००७ साली ज्यूरीनं नऊ कलमांपैकी आठ ग्राह्य धरली, एक रद्द केलं. गंमत अशी, की मूळ कलम टिकलं आणि त्यातच एक जादा अट घालून केलेलं कलम मात्र 'सहज सुचण्याजोगं' ठरलं! म्हणजे करंजी कुणाला सुचली नसती, पण खसखस घातलेली करंजी कुणालाही सुचली असती! २००९ साली वरच्या कोर्टानं ही विसंगती दाखवून खटला पुन्हा चालवायला लावला. २०१० साली नव्या ज्यूरीनं नऊच्या नऊ कलमं रद्द केली.

तो निकाल चुकला, असं मी म्हणत नाही. जे सर्वांनाच सुचलं असतं, त्याला एकानं कुलूप का लावावं? पण चेंडू कापून हातात घेतल्यावर, तो कापण्यापूर्वीचं अज्ञान मनात परत आणणं किती अवघड!

मला वर्गातला एक मुलगा आठवला. पंचवीस गुणिले अठ्ठेचाळीस हे त्यानं शंभर गुणिले बारा असं करून क्षणात सोडवलं. मी म्हणालो, "त्यात काय मोठंसं? कुणालाही सुचलं असतं." वर्गात चाळीस मुलं होती. बाकीच्या एकोणचाळीसांना ते सुचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर फळ्यापाशी उभ्या असलेल्या मलाही नाही. त्यानंतर त्या मुलानं हात वर केल्याचं मला आठवत नाही.

अमेरिकेत निदान एकदा तरी फेरसुनावणी झाली. माझ्या वर्गात तीही झाली नाही.

कुटुंबानं पहिली करंजी माझ्यापुढं ठेवली. खुसखुशीत, पापुद्रान्‌पापुद्रा सुटलेली. "कशी झालीय?"

"मला नसती जमली," मी म्हणालो.